"पडल्ये नाही गो, नुसती बसल्ये": आईच्या पडण्याबद्दल सल्ला हवा

अबोली_डोंबिवली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, लिहायची वेळ आईने आणली.

आई ७४ वर्षांची. संगमेश्वर तालुक्यात गावी एकटी राहते. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. घर चिऱ्याचं, पुढे पडवी, मागच्या परसात न्हाणीघर आणि संडास. बीपी आणि शुगर आहे, गोळ्या न चुकता घेते. चष्मा आहे. काठी नाही. काठी म्हाताऱ्यांना लागते असं तिचं मत आहे.

या वर्षात ती तीनदा पडली. म्हणजे मला कळलेलं तीनदा.

पहिल्यांदा आषाढात, देवळातून येताना पाखाडीवर. कोकणातल्यांना सांगायला नको, पण चिऱ्याच्या पायऱ्या पावसात हिरव्या होतात आणि त्यावर चप्पल म्हणजे साबणावर साबण. मला हे शेजारच्या काकूंकडून कळलं. फोन केला तर म्हणाली, "पडल्ये नाही गो, नुसती बसल्ये." आता पाखाडीच्या मध्यावर, भर पावसात, छत्री बाजूला टाकून कोण बसतं?

दुसऱ्यांदा गणपतीत. घरात आम्ही सतरा माणसं, माजघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरुणं. रात्री दोनला ती लघवीला उठली. पोरांची झोपमोड नको म्हणून दिवा लावला नाही. सगळ्यांचे हातपाय चुकवत मागच्या दारापर्यंत बरोबर पोचली आणि उंबरठ्यापलीकडच्या पायपुसण्यावरून गेली. सतरा माणसांपैकी एकाला जाग आली नाही. सकाळी बघते तर बाई मोदकांची उकड मळत बसलेली, पदर कपाळावर नेहमीपेक्षा दोन बोटं खाली. पदर सरकला तेव्हा टेंगूळ दिसलं. "कपाटाचं दार लागलं."

तिसऱ्यांदा कार्तिकी एकादशीला, दुपारी साडेतीनच्या सुमारास, अंगणात तुळशीपाशी. या वेळी "बसल्ये" चाललं नाही, कारण डावं मनगट मोडलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी हाड बसवून प्लास्टर घातलं, सहा आठवडे. मी विचारलं, का पडत असेल? ते म्हणाले, वय झालं, व्हायचंच, सांभाळून चालायला सांगा. हे ऐकायला मी तीनशे किलोमीटर गेले होते.

आता घरात तीन पक्ष झालेत. भाऊ म्हणतो न्हाणीघरातली शहाबादी काढून खरखरीत टाइल्स बसवू. मी म्हणते डोंबिवलीला घेऊन येते. आई म्हणते दोघांनीही आपापल्या घरी जावं.

विचारायचं असं, की टाइल्सनी हे थांबेल का? आणि मुळात ती पडते कशाने, हे शोधायचं कसं? अनुभव असलेल्यांनी लिहा. "काळजी घ्या" कृपया नको, ते डॉक्टरांकडून घेऊन झालंय.

ऊनपाऊस

टाइल्स लगेच बदला. आमच्याकडे सासूबाई न्हाणीत घसरल्या होत्या. आणि रोज नाचणी, दूध, शिवाय ड जीवनसत्त्वाची ती आठवड्याची पुडी चालू करा. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते.

चालती_बोलती

अबोलीताई, मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे, बावीस वर्षं झाली. तुमचा धागा दोनदा वाचला. तुमच्या आई तीनदा पडल्या, त्यात न्हाणीघर एकदाही नाही. टाइल्स बसवायच्या तर बसवा, पण तुमचा प्रश्न त्या खोलीत नाही.

तिन्ही वेळा कारण वेगळं दिसतंय. पाखाडीवर शेवाळ होतं, खरंय, पण त्या पायऱ्या त्या पन्नास वर्षं चढताहेत. चष्मा कसला आहे? वर लांबचा, खाली वाचायचा असा जोडनंबर असेल, तर पायरी उतरताना खाली बघितलं की ती नेमकी वाचायच्या काचेतून दिसते, म्हणजे पुसट. मोतीबिंदूही तपासून घ्या. गणपतीतलं पडणं अंधाराचं आणि घाईचं. रात्रीतून किती वेळा उठावं लागतं आणि लघवी रोखता येते का, हे विचारा. बायका हे आपण होऊन सांगत नाहीत, आणि रात्रीचं निम्मं पडणं तिथेच असतं असं मला माझ्या पेशंटांकडे बघून वाटतं.

पण मला खरी काळजी तिसऱ्याची आहे. कोरडं, सपाट, रोजचं अंगण. लख्ख दुपार. पायात काही आलं नाही. तिथे माणूस घसरत नाही, तिथे डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून त्यांना "का पडलीस?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "बसल्ये" हेच येणार. पडायच्या आधीची पाच मिनिटं विचारा. बसली होतीस की उभी? उठून किती वेळ झाला होता? पोटात काय होतं?

घरी बीपीचं मशिन असेल तर एक करा. त्यांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करून एका मिनिटाने आणि परत तीन मिनिटांनी घ्या. वरचा आकडा २० नी किंवा खालचा १० नी उतरला, तर उभं राहिल्यावर मेंदूला रक्त कमी पडतंय. जवळ कुणीतरी उभं राहा, तपासणी करतानाच पाडू नका.

मनगटाबद्दल. साठीच्या आसपासच्या बायका चालता चालता पडतात तेव्हा हात पुढे येतो आणि मनगट मोडतं. पुढे चाल मंदावते, हात वेळेवर येत नाही, बाई कुशीवर आपटते आणि खुबा जातो. तुमच्या आईचा हात ७४ व्या वर्षी वेळेवर आला, याचा मला आनंद आहे. पण उभ्या उंचीवरून पडून धड हाड सहसा मोडत नाही. ते मोडलं, याचा अर्थ हाड ठिसूळ असण्याची दाट शक्यता आहे आणि तिथे "प्लास्टर घातलं, झालं" म्हणून चालत नाही. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्या. त्यात उणे २.५ किंवा त्याहून खाली आकडा आला की हाडं ठिसूळ समजतात. तिथून पुढचं औषध डॉक्टर ठरवतील, पण ते विचारायचं काम तुमचं आहे. मनगटानंतर गप्प बसलेल्या किती बायका मी दोन-पाच वर्षांनी खुबा मोडून आलेल्या बघितल्यात. आणि खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांपैकी पाचातलं एक तरी वर्षभरात जातं. घाबरवायला लिहीत नाही, पण "वय झालं" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

पायांतली ताकद बघायची सोपी रीत: खुर्चीतून उठायचं, दहा फूट चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. नेहमीच्या चालीने, शर्यत नाही. १२ सेकंद किंवा जास्त लागली तर पाय आणि तोल दोन्हीवर काम करायला हवं. उठताना मांडीवर हात रेटतात का तेही बघा. व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार नव्हेत. ओटा धरून टाचा उचलायच्या, खुर्चीत उठबस, पावलाला पाऊल लावून रेषेवर चालायचं. न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठात असा घरच्या घरी करायचा क्रम बसवला आणि त्याने पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने उतरलं. तोल सुधारतो हो, सत्तरीतही सुधारतो. फक्त प्लास्टर असेपर्यंत कुणीतरी जवळ हवं.

@ऊनपाऊस, नाचणी-दूध खुशाल द्या. पण ती पुडी ६०,००० युनिटची असते, तिची जास्त हौस नको. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या दोन हजारांवर बायकांवर एक प्रयोग झाला होता, २०१० साली छापून आला. त्यात वर्षातून एकदा एकदम ५ लाख युनिटचा डोस दिला होता. त्या बायका डोस न घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडल्या आणि हाडंही जास्त मोडली. आधी रक्तातलं प्रमाण बघा, मग डॉक्टर सांगतील तेवढंच.

अबोली_डोंबिवली

बाप रे. आत्ता फोन करून पाच मिनिटांचं विचारलं. एकादशी निर्जळी केली होती. पाण्याचा घोट नाही. गोळ्या मात्र सकाळी घेतल्या, "डॉक्टरांनी चुकवू नको सांगितलंय", म्हणजे घोटभर पाणी गोळीपुरतं. दुपारी पडवीत पाटावर बसून वाती वळत होती, उठून तुळशीपाशी ठेवायला गेली, तेवढ्यात "जरा गरगरलं". हे तिने तेव्हा सांगितलं नव्हतं.

गोळ्या: बीपीची ॲम्लोडिपिन आणि त्यातच क्लोरथॅलिडोन, शुगरची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन, आणि रात्री झोपेची अर्धी. झोपेची आहे हे मला आज कळलं. बाबा गेले तेव्हा पंधरा दिवसांसाठी दिली होती.

मात्रा_वळसा

मिरजेत औषधाचं दुकान आहे, तिसऱ्या पिढीचं. ताई, एकादशीचा उलगडा तुम्हीच केलात.

क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढतं. त्या दिवशी आत पाणीच नाही. ग्लिमेपिराइड साखर उतरवते, पोटात काही असो वा नसो. उपाशीपोटी ही गोळी म्हणजे रिकाम्या टाकीवर मोटर चालवणं. बीपी उतरलेलं की साखर उतरलेली, हे आता सांगता यायचं नाही, बहुतेक दोन्ही. आमच्याकडे चातुर्मासात अशा दोन-तीन आज्या हमखास येतात. मी विचारतो, "आज काय?" म्हणतात, "सोमवार."

गोळ्या तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा, उपासाच्या दिवशी कुठली गोळी घ्यायची आणि कुठली नाही, ते कागदावर लिहून द्या. आणि निर्जळी सोडायला लावा. इथे माझं काय चालणार, ते तुम्ही बघा.

झोपेची अर्धी गोळी बहुधा अल्प्राझोलाम असेल. तिचा अंमल रात्री दोनला संपलेला नसतो. माणूस उठतं, पण पाय उठत नाहीत. गणपतीतल्या त्या पडण्यात अंधाराइतकाच तिचाही हात असू शकतो. पण सहा वर्षं घेतलेली गोळी एकदम तोडली तर त्रास होतो, झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची.

आणखी एक. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल आणि माणूस शाकाहारी असेल तर बी-१२ बघून घ्या. ते कमी असलं की तळपायाला जमीन नीट कळत नाही. आई "पायाखाली कापूस असल्यासारखं वाटतं" म्हणतात का?

दगडी_पूल

अंबाजोगाईहून. मी आरोग्य खात्यात होते, आता निवृत्त. सगळ्यांनी छान लिहिलंय, एक राहिलं. आईची पाळी कितव्या वर्षी गेली, आणि पिशवी काढली आहे का?

आमच्या बीड जिल्ह्यात हे आधी विचारावं लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या पिशव्या तिशी-पस्तिशीत काढल्याचं २०१९ मध्ये गाजलं, सरकारनं समिती नेमली. तेव्हा बोलणं झालं ते पैशाचं, खाड्याचं, डॉक्टरांचं. हाडांचं कुणी बोललं नाही. पिशवीबरोबर बीजकोषही काढले की बाईला त्याच दिवशी पाळी गेल्यासारखं होतं, आणि पाळी गेल्यावरची पहिली काही वर्षं हाड भराभर झिजतं. बीजकोष ठेवले तरी ते पुष्कळदा लवकर थकतात. म्हणजे ज्या बाईचं हाड पन्नाशीनंतर झिजायला लागायचं, तिचं चाळिशीच्या आतच सुरू होतं. मी पंचावन्न वर्षांच्या बाया बघितल्यात, मोळी उचलताना पाठीचा मणका दबलेल्या. पडायचीसुद्धा गरज लागली नाही. त्यांना कुणी डेक्सा सांगितला नाही, सांगितला असता तरी कुठं करणार होत्या.

कागद असेल तर बघा, काय काढलं ते लिहिलेलं असतं.

खारीचा_वाटा

मुली, मी ७९ वर्षांची, पुण्यात असते. टंकायला वेळ लागतो, चुका सांभाळून घे.

तुझी आई "बसल्ये" का म्हणते ते मी सांगते. मीही म्हणायचे. "पडले" म्हटलं की दुसऱ्या दिवशी मुलं बॅग घेऊन दारात उभी राहतात. मग आपलं घर, आपला ओटा, आपली झोपायची दिशा, सगळं जातं. तू वर लिहिलंयस ना, "मी म्हणते डोंबिवलीला घेऊन येते"? तिने हे आषाढातच ओळखलं होतं.

मी चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी माळ्यावरचा सोऱ्या काढायला स्टुलावर चढले. चढले नीट, उतरताना शेवटची पायरी धरून चालले आणि ती नव्हतीच. उजवा खुबा. दुपारचा एक वाजला होता, कामवाली पाचला यायची. फोन जेवणाच्या टेबलावर, मला दिसत होता, तिथून सहा फुटांवर. ते सहा फूट मला चार तासांत सरकता आले नाहीत. सोऱ्या हातातच होता, त्याने फरशी बडवत राहिले. खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं कुणाकडे तरी फरशीचं काम निघालंय. नंतर चकल्या नेऊन दिल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी उभं केलं. ते सगळं बरं झालं. वाईट झालं ते पुढे. भीतीने मी आठ महिने जिना उतरले नाही. मुलगा म्हणायचा, आई, तू नुसती बैस. बसले. पोटऱ्या काटकुळ्या झाल्या आणि एक दिवस पलंगावरून उठताना तशीच खाली आले. ना स्टूल, ना ओलं, ना काही. बसून बसून पडले, बघ.

आता फोन गळ्यातल्या कापडी बटव्यात असतो, न्हाणीघरातसुद्धा, खुंटीवर हाताशी टांगते. पडल्यावर उठायचं कसं ते मला फिजिओच्या मुलीने शिकवलं: आधी गप पडून राहायचं, कुठे दुखतंय ते बघायचं. मोडलेलं वाटलं नाही तर कुशीवर व्हायचं, मग गुडघ्या-तळहातांवर, रांगत खुर्चीपर्यंत, हात खुर्चीवर, एक पाऊल पुढे रोवून उठायचं. नातवाबरोबर सतरंजीवर सराव केला, फार हसलो.

आईशी बोलताना डोंबिवली हा शब्दच काढू नको. मग ती सांगेल.

चालती_बोलती

आज्जी, तुमचं बसून बसून पडणं मी माझ्या पेशंटांना सांगणार आहे.

अबोली_डोंबिवली

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांना एकेक करून उत्तर द्यायला हवं होतं, पण एकत्रच घ्या.

शुक्रवारी रात्री निघून गावी गेले, चार दिवस राहिले. डोंबिवली हा शब्द काढला नाही. पहिल्या सकाळी साडेचारला ती उठली तेव्हा झोपल्याचं सोंग करून बघत पडले. पलंगावरून पाय खाली सोडले की थेट चालायलाच लागते, मध्ये श्वास नाही. दिव्याचं बटण खोलीच्या दाराबाहेर, म्हणजे दिवा लावायला आधी अंधारातून चालायचं. एका हातात लोटा, म्हणजे धरायला तोही हात नाही. आणि पायात त्या रबरी सपाता. उलटी करून बघितली तर टाचेखाली नक्षी गेलेली, बोटाएवढा भाग काचेसारखा गुळगुळीत, आणि अंगठ्याचा पट्टा निसटतो म्हणून खालून सेफ्टी पिन लावलेली. कपाटात भाऊबीजेला भावाने दिलेली नवी चप्पल खोक्यात तशीच. "ती बाहेर जायला."

बीपी: झोपून १३६, उभं राहून एका मिनिटाने ११०, तीन मिनिटांनी ११४. मी मशिन बिघडलं समजून परत घेतलं. खुर्ची ते खुर्ची १६ सेकंद, त्यात वळताना भिंत धरली. कापसाचं विचारलं तर म्हणाली, "कापूस नाही, मोजे घातल्यासारखं." बी-१२ खरंच कमी निघालं.

दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी झोपून-उभं बीपी परत स्वतः घेतलं, बीपीचं औषध बदललं, उपासाच्या दिवसाचं मोठ्या अक्षरात लिहून दिलं, झोपेची गोळी दर पंधरवड्याला थोडी थोडी उतरवायची आहे. निर्जळीवर तडजोड झाली: पाणी आणि फळं चालतील, पण हे देवळातल्या बायकांना सांगायचं नाही. डेक्सा प्लास्टर निघालं की कोल्हापूरला.

दगडी_पूल, तुम्ही विचारलंत म्हणून ट्रंकेतले कागद काढले. पिशवी ४१ व्या वर्षी काढली, बीजकोषांसकट. मी तेव्हा आठवीत होते. आम्हाला मामाकडे पाठवलं होतं आणि आईला कावीळ झाली असं सांगितलं होतं.

टाइल्सचे पैसे भावाने दिलेच होते, त्यातून मागच्या दारापर्यंत भिंतीला धरायची दांडी, पलंगाशी बटण, परसात दिवा आणि पाखाडीवरच्या आमच्या वाट्याच्या पायऱ्यांना एका बाजूने पाइप झाला. पायपुसणं मी स्वतः जाळलं. सपाता ती जाळू देईना, पण निघायच्या दिवशी नवी चप्पल पायात होती.

एक राहिलं. शेवटच्या रात्री पडवीत बसलो होतो, मी काही विचारलं नाही, आणि तिने आपणहून आकडा सांगितला. तीन नाही. सात. एकदा गोठ्यात पडली होती, तेव्हा बाबा होते.

काल संध्याकाळी फोन आला. "अगो, आज पडल्ये. बसल्ये नाही, पडल्ये. माडाला पाणी घालताना नळीत पाय अडकला. लागलं नाही. तू विचारशील म्हणून आधीच सांगत्ये, जेवल्ये होत्ये, आणि उठून बराच वेळ झाला होता."

नळी टांगायला खुंटी मारायला सांगितली आहे.